सावल्यांचा जमाखर्च

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस स्वतंत्र मानले आहेत. पहिल्याचा स्थायिभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा असा त्यांचा विभाग तिथे स्वच्छ केलेला असून, भयानकाचे विभाव सांगताना ओसाड घर, अरण्य, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे अशा ज्या गोष्टी मोजल्या आहेत, त्यांच्याकडे बारकाईने पाहिले तर असे ध्यानात येते की त्यांपैकी बहुतेक गोष्टी स्वतः होऊन कोणाच्या केसालाही धक्का लावीत नाहीत, त्या केवळ अनर्थाची शक्यता मनासमोर उभी करून बाजूला होतात. हॉलिवुडमध्ये १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटांनी भयपटांची जी लाट आणली आणि १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ने जिला पुन्हा उधाण आणले, तिने हा विवेक फारसा पाळला नाही, प्रेक्षकाला भिववायचे तर त्याच्यापुढे एखादे विद्रूप ध्यान आणून उभे करावे आणि पुढचे सारे यशापयश रंगभूषाकाराच्या हवाली करावे, असा त्या धंद्याचा शिरस्ताच पडून गेला. हा शिरस्ता मोडून भीतीला तिचे मूळचे ठिकाण, म्हणजे माणसाचे मन, परत मिळवून देणारा एक चित्रपट १९४२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्याचे नाव ‘कॅट पीपल’. लांबी अवघी ७३ मिनिटे आणि खर्च सुमारे १ लाख ३५ हजार डॉलर, म्हणजे त्या काळच्या हॉलिवुडच्या मानाने किरकोळच.

त्याच्या जन्माची हकिगत कलेच्या इतिहासापेक्षा कचेरीच्या दफ्तरात अधिक शोभावी अशी आहे. आर. के. ओ. ही चित्रसंस्था त्या सुमारास डबघाईला आली होती. ऑर्सन वेल्ससारख्या पंचविशीतल्या प्रतिभावंताला मुक्तद्वार देऊन तिने ‘सिटिझन केन’ आणि ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ हे दोन चित्रपट काढले. त्यांची थोरवी आज कोणीही नाकारीत नाही, परंतु त्या वेळी त्यांनी संस्थेच्या तिजोरीला भगदाड पाडले. परिणामी जुने अध्यक्ष जॉर्ज शेफर यांचा अंमल संपला, निर्मितीची सूत्रे चार्ल्स कर्नर यांच्या हाती आली आणि प्रतिभेच्या जागी लोकरंजन हे नव्या कारभाराचे जाहीर धोरण ठरले. या धोरणानुसार स्वस्त भयपटांचे एक स्वतंत्र खाते उघडण्यात येऊन त्याच्या प्रमुखपदी आठवड्याला २५० डॉलर वेतनावर व्हॅल लूटन या अडतीस वर्षांच्या गृहस्थाची नेमणूक झाली. अटी तीन होत्या: प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरांच्या आत बसावा, त्याची लांबी सव्वा तासाच्या आसपास असावी, आणि नाव वरून येईल ते बिनतक्रार स्वीकारावे. या तीन कलमांचा भंग होत नाही तोवर आतला मजकूर काय आहे याची फारशी चौकशी कोणी करणार नव्हते, आणि लूटनच्या पथ्यावर पडली ती नेमकी हीच बेफिकिरी.

लूटन हा मूळचा रशियन. क्रिमियातील याल्टा येथे १९०४ साली जन्मलेला हा मुलगा आईबरोबर लहानपणीच अमेरिकेत आला. मूकपटांच्या काळातील विख्यात नटी अल्ला नाझिमोव्हा ही त्याची सख्खी मावशी. वृत्तपत्रांतले लिखाण, पोटासाठी लिहिलेल्या सवंग कादंबऱ्या, एका चित्रसंस्थेच्या प्रसिद्धिखात्यातील नोकरी अशी उमेदवारी केल्यावर तो डेव्हिड सेल्झनिक या मातब्बर निर्मात्याच्या पदरी कथाविभागाचा संपादक म्हणून सुमारे आठ वर्षे राहिला आणि ‘गॉन विथ द विंड’सारख्या अवाढव्य चित्रपटाचा पसारा त्याने अगदी आतून पाहिला. वाचन दांडगे, भाषेची जाण उत्तम, पण स्वतःच्या कर्तबगारीविषयी सदैव साशंक, असा हा माणूस होता. शिवाय मांजरांची त्याला विलक्षण धास्ती वाटे, असे त्याच्या जवळच्यांनी सांगून ठेवले आहे. अशा माणसाला कर्नरसाहेबांनी पहिलेच फर्मान दिले ते ‘कॅट पीपल’ या नावाचे. रक्तपिपासू पिशाच्चे झाली, लांडगे होणारी माणसे झाली, प्रयोगशाळेत घडवलेले राक्षसही झाले, मांजरांना मात्र अद्याप कोणी हात लावलेला नाही, एवढाच त्यांचा व्यापारी हिशेब होता. पटकथाकार डीविट बोडीन याने पुढे सांगितल्याप्रमाणे लूटन त्या भेटीतून अत्यंत खिन्न होऊन परतला आणि तुला हे काम सोडायचे असेल तर मी समजून घेईन, असे त्याने बोडीनला सुचवलेही. बोडीनने ते सोडले नाही. लूटनने स्वतः १९३० साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात ‘द बघीटा’ नावाची एक कथा लिहिली होती, तिच्यातही बिबळ्याचे रूप घेणाऱ्या स्त्रीची दंतकथा होती. म्हणजे वरून आलेल्या नावाखाली ठेवण्यासारखे काहीतरी त्याच्या मनात अगोदरपासून पडून होते असे म्हणावयास हरकत नाही.

दोघांनी मिळून जी कथा रचली तिच्यात किल्ला नाही, धुके नाही, स्मशान नाही. इरेना दुब्रोव्ना ही सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली, वेशभूषांची रेखाटने करून उपजीविका करणारी तरुणी. प्राणिसंग्रहालयातील काळ्या बिबळ्याचे चित्र काढीत असताना ऑलिव्हर रीड या जहाजांचे आराखडे करणाऱ्या सरळमार्गी तरुणाशी तिची ओळख होते आणि ओळखीचे रूपांतर लग्नात होते. परंतु आपल्या गावच्या एका शापित कुळाचे रक्त आपल्या अंगात आहे, प्रेमाचा किंवा मत्सराचा आवेग अनावर झाला की आपले श्वापद होईल आणि ज्याला जवळ घ्यावे त्याचाच आपल्या हातून घात होईल, या समजुतीने तिला पछाडलेले असते. त्यामुळे ती पतीला स्पर्शही करू देत नाही. ऑलिव्हरचा गोंधळ, त्याच्या कचेरीतील सहकारी ॲलिसविषयी त्याला वाटू लागलेला ओढा, इरेनाचा वाढता मत्सर, आणि तिच्यावर उपचार करण्यासाठी आलेला परंतु स्वतःच तिच्या मोहात पडलेला मनोवैद्य डॉ. जड, अशा चार माणसांच्या संबंधांतून कथा पुढे सरकते. शाप खरा की मनाचा रोग खरा, हा प्रश्न बव्हंशी शेवटापर्यंत लटकत ठेवलेला आहे, आणि चित्रपटाची सारी शक्ती या लटकत्या प्रश्नात साठलेली आहे. कारण भिणारी व्यक्ती इथे बाहेरच्या कोणाला भीत नसून स्वतःलाच भीत असते, आणि अशा भयापासून दार लावून घेण्याची सोय नसते.

या चित्रपटाच्या कर्त्यांची नावे वाचताना एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. दिग्दर्शक झाक तूर्नर हा मूळचा पॅरिसचा, मूकपटांच्या जमान्यातील नामांकित दिग्दर्शक मॉरिस तूर्नर यांचा मुलगा, छायाचित्रकार निकोलस मुसुराका इटलीतून आलेला, इरेनाची भूमिका करणारी सिमोन सिमों फ्रेंच, जिला झां रनवारच्या ‘ला बेत ह्युमेन’मध्ये रसिकांनी पाहिले होते, डॉ. जड झालेला टॉम कॉनवे सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेला. आणि या सर्वांचा कारभारी लूटन क्रिमियाचा. परमुलुखात येऊन स्थिरावलेल्या, पण मायभूमीच्या जुन्या समजुती गाठोड्यात बांधून आणलेल्या माणसाची मनःस्थिती यांच्यापैकी कोणालाच मुद्दाम समजावून सांगावी लागली नसेल. लग्नाच्या जेवणाच्या प्रसंगी सर्बियन उपाहारगृहात मांजरीसारख्या चेहऱ्याची एक अनोळखी बाई इरेनाजवळ येते, तिच्या मायबोलीत तिला ‘माझी बहीण’ म्हणून हाक मारते आणि निघून जाते. टेबलाभोवतीची अमेरिकन मंडळी हा प्रकार हसण्यावारी नेतात आणि एकट्या इरेनाचा चेहरा पांढराफटक पडतो. एलिझाबेथ रसेल या नटीने केलेली ही क्षणभराची भूमिका आहे. पण ज्या जगातून आपण पळून आलो त्या जगाने आपल्याला ओळखले, याहून मोठी दहशत निर्वासिताला दुसरी कोणती असणार?

चित्रणास १९४२ च्या जुलैअखेर प्रारंभ झाला आणि ऑगस्टमध्येच ते आटोपले. महायुद्धामुळे सरकारने नेपथ्याच्या नव्या सामानावर दर चित्रपटास ५ हजार डॉलरांची मर्यादा घातलेली असल्याने जुन्या चित्रपटांचे उभे असलेले नेपथ्य वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. इरेनाच्या बिऱ्हाडाकडे जाणारा तो भव्य जिना वेल्सच्या ‘अँबरसन्स’मधून आयता मिळालेला आहे. ज्या चित्रपटाने संस्थेला तोशीस लावली त्याचाच जिना तिला सावरण्याच्या कामी यावा, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. जे नेपथ्य अपुरे होते ते मुसुराकाने अंधाराने भरून काढले. त्याची प्रकाशयोजना अशी की खोलीत दिवा एखादाच असावा, त्याचे वर्तुळ टेबलापुरते पडावे आणि उरलेली खोली प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवावी; डॉ. जड इरेनाला संमोहित करतात त्या प्रसंगात तर संपूर्ण पडदा काळा असून त्यात फक्त तिचा चेहरा प्रकाशाच्या लहानशा चकतीत तरंगत असतो.

या पद्धतीचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर ॲलिस रात्री एकटी सेंट्रल पार्कलगतच्या रस्त्याने चालत जाते तो प्रसंग पाहावा. एका बाजूस दगडी भिंत, ठरावीक अंतरावर दिव्यांचे खांब, प्रत्येक खांबाखाली उजेडाचे एक तळे आणि दोन तळ्यांच्या मध्ये काळोख. पार्श्वसंगीत अजिबात नाही. ऐकू येतात त्या फक्त दोन स्त्रियांच्या टाचा, पुढे ॲलिसच्या आणि मागे इरेनाच्या. कॅमेरा कधी एकीचे पाय दाखवतो, कधी दुसरीचे, आणि हे आलटूनपालटून दाखवणे चालू असतानाच मागच्या टाचांचा आवाज बंद पडतो. ॲलिस वळून पाहते तो रस्ता रिकामा. ती पावले उचलते, मग धावू लागते, आपणही आता मागून झडप येणार म्हणून श्वास रोखून बसतो, तोच पडद्याच्या कडेने फुत्कारासारखा कर्कश आवाज करीत काहीतरी अंगावर येते, आणि ती असते एक साधी प्रवासी बस, तिच्या ब्रेकचा तो आवाज. भिंतीवरच्या फांद्या किंचित हलतात आणि बसचा चालक तिला जणू भूत पाहिल्यासारखा चेहरा झाला आहे म्हणून टोकतो. ही युक्ती संकलक मार्क रॉब्सन याच्या मेजावर सिद्ध झाली, आणि तिचा प्रेक्षकांवर झालेला परिणाम पाहून लूटनच्या खात्यात अशा प्रत्येक फसव्या धक्क्याला पुढे ‘बस’ हेच नाव पडले. आज जगभरचे भयपट हा धक्का देतात, मात्र त्यांच्यापैकी पुष्कळांना बसच्या आधीची ती शांतता साधत नाही. प्रसंगाचा उत्तरार्धही विसरण्याजोगा नाही. उद्यानाच्या राखणदाराला मारलेल्या मेंढ्या सापडतात, ओल्या मातीतून श्वापदाच्या पंजांचे ठसे दूर जाताना दिसतात, आणि चालता चालता ते ठसे स्त्रीच्या उंच टाचांच्या बुटांचे होतात. रूपांतर म्हणतात ते एवढेच. त्यासाठी मुखवटा लागला नाही की केस चिकटवावे लागले नाहीत. पाठोपाठ घरी परतलेली इरेना स्नानाच्या टबात बसून रडताना दिसते, आणि तिच्या ओल्या खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी कॅमेरा त्या टबाच्या पंजाच्या आकाराच्या पायावरून सावकाश फिरून येतो.

जलतरण तलावाचा प्रसंग याच तत्त्वावर उभारलेला आहे. तळघरातील तलावात ॲलिस एकटी, दिवे मालवलेले, आणि पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश छताभिंतींवर अखंड थरथरत असल्यामुळे प्रत्येक सावली जिवंत भासते. त्यातच एक गुरगुर घुमते आणि जिन्याजवळ काहीतरी सरकल्यासारखे वाटते. दिवा लागतो तेव्हा तिथे इरेना शांतपणे उभी असते. ॲलिसचा अंगरखा मात्र चिंध्या होऊन पडलेला आढळतो. भिंतीवर फिरणारी ती सावली आपण दिव्यासमोर स्वतःची मूठ धरून पाडली होती, असे तूर्नरने नंतरच्या मुलाखतींत सांगितले आहे. बिबळ्याच्या भाड्यापेक्षा दिग्दर्शकाची मूठ स्वस्त पडली हे खरेच, तथापि मुठीच्या सावलीला निश्चित आकार नसल्यामुळे तिच्यात जो तो आपापल्या मनातले जनावर पाहू शकला, हा लाभ हिशेबाच्या वहीत मांडता येण्यासारखा नव्हता.

परंतु माझ्या मते चित्रपटाचा गाभा या दोन विख्यात प्रसंगांपेक्षा एका साध्या दाराच्या प्रसंगात आहे. लग्नाची रात्र, शयनगृहाचे दार बंद, बाहेर ऑलिव्हर आणि आत इरेना. ती दाराला टेकून हळूहळू खाली बसते, तिचा हात मुठीकडे जातो, आणि दूर प्राणिसंग्रहालयातून बिबळ्याची आरोळी येताच तो हात मागे येतो. त्या काळी अमेरिकेत चित्रपटांवर हेज संहितेची सक्त निगराणी होती आणि दांपत्याच्या शरीरसंबंधांविषयी उघड बोलणे शक्य नव्हते; या बंधनाने लेखकांना जी आडवाट धरावी लागली तिने त्यांना नेमके विषयाच्या हृदयापर्यंत नेले, कारण इरेनाचे दुःख हे उघड बोलता न येणाऱ्याच जातीचे आहे. डॉ. जड तिच्या बालपणीच्या आठवणी काढून घेतात, तिच्या भयाला शास्त्रीय नाव देतात आणि आपले निदान पूर्ण झाले असे समजतात. मनोविश्लेषण त्या काळी अमेरिकेत मोठ्या आदराने घेतले जात असताना या चित्रपटाने त्याच्याकडे पाहिले ते संशयानेच. वैद्याला रोग्याची गोष्ट पाठ झाली, परंतु त्याने तिच्यावर विश्वास मात्र ठेवला नाही, आणि अविश्वासाने भरलेल्या एका चुंबनाची किंमत त्याला प्राण देऊन चुकवावी लागली. शेवटी जखमी इरेना पिंजऱ्याचे कुलूप स्वतः उघडते आणि बिबळ्याच्या झेपेखाली पडते, तेव्हा तिच्याविषयी ऑलिव्हर एवढेच म्हणतो की ती आपल्याशी कधीच खोटे बोलली नव्हती.

हे सारे निर्वेधपणे पार पडले असे मात्र नाही. चित्रणाचे पहिले काही दिवस होताच स्वस्त चित्रपटांवर देखरेख करणारे अधिकारी लू ऑस्ट्रो यांनी तूर्नरला बडतर्फ करण्याचा घाट घातला. लूटनने थेट कर्नर यांच्याकडे दाद मागितली, त्यांनी चित्रित झालेला भाग पाहिला आणि तूर्नरची जागा कायम राहिली. पुढे वरिष्ठांना आणखी एक चिंता पडली: जनावराच्या नावाने पैसे घ्यायचे तर जनावर दाखवले पाहिजे. आराखड्यांच्या खोलीत ऑलिव्हर आणि ॲलिस अडकतात त्या प्रसंगात बिबळ्या दिसलाच पाहिजे, असा हुकूम सुटला. लूटन आणि तूर्नर यांनी तो अक्षरशः पाळला आणि भावार्थाने मोडला. प्रकाशित टेबलांखालून एक काळा देह सरकताना दिसतो खरा, पण तो इतका अंधारात की पाहणाऱ्याने पाहिले आणि न पाहणाऱ्याने गृहीत धरले. ऑलिव्हर हातातली रेखाटनाची टी-पट्टी उगारतो तेव्हा भिंतीवर तिची सावली क्रूसासारखी पडते, ही योजनाही याच प्रसंगातली.

चित्रपटाने धंदा उत्तम केला आणि त्याच खात्यातून पुढील चार वर्षांत ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’, ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’, ‘द बॉडी स्नॅचर’ यांसारखे चित्रपट निघाले. यशाचे बक्षीस म्हणून कचेरीने नवे नाव पाठवले, ‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’. लूटनने त्या नावाखाली एका एकाकी मुलीच्या कल्पनाविश्वाची नितांत कोमल कथा बसवली, आणि तिचे नाव तरी बदलू द्यावे ही त्याची विनंती फेटाळली गेली. त्या चित्रपटाचे मूळ दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडल्यावर ज्या संकलकाला दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली तो रॉबर्ट वाइज. त्याने १९६३ साली ‘द हाँटिंग’ काढला, ज्यात भूत म्हणून काहीच दिसत नाही आणि तरीही पाहणारा हादरून जातो. रॉब्सनही दिग्दर्शक झाला. लूटनने आपल्या खात्यातील जवळजवळ प्रत्येक पटकथेचा अखेरचा खर्डा स्वतः लिहिला, पण पहिल्या चित्रपटांवर लेखक म्हणून नाव घातले नाही आणि नंतर घातले तेही कार्लोस कीथ या टोपणनावाने. आर. के. ओ. सोडल्यावर त्याला तसे स्थैर्य पुन्हा लाभले नाही. १९५१ साली हृदयविकाराने तो वारला तेव्हा त्याचे वय ४६ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘कॅट पीपल’चा समावेश १९९३ साली झाला.

या हकिगतीवरून तंगी ही कलेची जननी आहे असा सिद्धान्त काढण्याचा मोह अनेकांना झाला आहे, आणि तो टाळला पाहिजे. तंगी त्या इमारतीतल्या सर्वच स्वस्त खात्यांना सारखी होती. तेच उसने नेपथ्य, तेवढीच रक्कम आणि तेवढेच दिवस घेऊन त्या वर्षांत कितीतरी चित्रपट निघाले आणि विस्मृतीत गेले. लूटनला पैसा कमी मिळाला म्हणून त्याने बिबळ्या अंधारात ठेवला नाही; आपल्या कथेतील बिबळ्या कोणाच्या मनात राहतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून कमी पैशाची त्याला अडचण झाली नाही. याचा पुरावा तूर्नरच्याच पुढच्या कारकिर्दीत सापडतो. पंधरा वर्षांनी त्याने इंग्लंडमध्ये ‘नाइट ऑफ द डेमन’ हा चित्रपट केला; या खेपेस पाठीशी लूटन नव्हता, आणि निर्माते हॅल चेस्टर यांनी राक्षस प्रेक्षकांना धडधडीत दाखवावाच असा आग्रह धरून तो चित्रपटाच्या आरंभीच आणून उभा केला. तूर्नरला हे अखेरपर्यंत डाचत राहिले. त्या चित्रपटाची वाखाणणी आजही होते, मात्र जाणकार ज्या प्रसंगांचा उल्लेख करतात ते मुलांच्या मेळाव्यावर अचानक उठलेल्या वादळाचे आणि सुन्या वाड्याच्या दालनांचे आहेत, आणि राक्षसाच्या वाट्याला आली ती बहुधा दिलगिरीच.